पहिली वेस्टर्न कोणती वाचावी? ‘शेन’, ‘ट्रू ग्रिट’ की ‘लोनसम डव्ह’

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरची गोष्ट, म्हटलं की आपल्याला आधी सिनेमा आठवतो. निर्मनुष्य रस्ता, समोरासमोर उभी दोन माणसं, कमरेच्या पिस्तुलाकडे सरकणारा हात. त्यामुळे या कादंबऱ्यांकडे वळणारा वाचक गोळीबाराची अपेक्षा धरून जातो आणि भलतंच पुस्तक हाती लागलं तर पन्नास पानांत ते मिटून ठेवतो. चांगल्या वेस्टर्नमध्ये गोळीबार फार थोडा असतो. कायदा पुरता पोचलेला नाही अशा मुलखात जमीन कुणाची, गुरं कुणाची, खुनाची दाद कुठे मागायची, हे तिथल्या माणसांना आपापसांतच ठरवावं लागतं. गोष्ट असते ती या ठरवण्याची आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीची.

इंग्रजीतून वाचायची तयारी असेल आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर माझ्या मते निवड तीन पुस्तकांत आहे. जॅक शेफरची ‘शेन’ (१९४९), चार्ल्स पोर्टिसची ‘ट्रू ग्रिट’ (१९६८) आणि लॅरी मॅकमर्ट्रीची ‘लोनसम डव्ह’ (१९८५). तिघांत सर्वांत मोठा फरक गोष्ट कोण सांगतंय याचा आहे. पहिलीत एक लहान मुलगा सांगतो, दुसरीत एक म्हातारी बाई, आणि तिसरीत लेखक स्वतः डझनभर माणसांच्या मनात शिरत सांगत जातो.

‘शेन’ तिघांत सर्वांत छोटी, दीडशे पानांच्या आसपास. १८८९चा उन्हाळा, वायोमिंगमधलं एक खोरं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमीन १६० एकरांच्या तुकड्यांनी कसणाऱ्याला मिळू लागली होती. पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली की ती नावावर होई. अशाच तुकड्यांवर काही कुटुंबं स्थिरावली आहेत, आणि त्याच कुरणांवर इतकी वर्षं मोकळी गुरं चारणाऱ्या फ्लेचरला ती नकोशी झाली आहेत. जो स्टॅरेट या शेतकऱ्याच्या घरी शेन नावाचा एक वाटसरू उतरतो, चाकरीला राहतो आणि आपलं पिस्तूल गुंडाळून ठेवून देतो. हे सगळं जोचा मुलगा बॉब सांगतो.

या पुस्तकातला सर्वांत दमदार प्रसंग मारामारीचा नाहीच. स्टॅरेटच्या गोठ्यामागे एका जुन्या झाडाचा प्रचंड बुडखा आहे, आणि शेन नि जो मिळून कुऱ्हाडीने तो उखडतात. अख्खं प्रकरण त्यावर आहे. दोन माणसांची मैत्री एकाही कबुलीविना, घामातून जुळताना दिसते. शेफरने हे लिहिलं तेव्हा त्याने पश्चिमेचा तो मुलूख पाहिलाही नव्हता. ते जाणवतं, पण दोष म्हणून नाही. खोऱ्याचं वर्णन बेताचं आहे, आणि पोराच्या डोळ्यांतला शेन मात्र लख्ख आहे.

मर्यादाही त्याच नजरेची आहे. बॉब शेनकडे मान वर करून पाहतो, म्हणून शेन कायम उंचच राहतो. बॉबच्या आईला, मॅरियनला, शेनबद्दल काय वाटतं हे मुलाला अर्धवट दिसतं, आपल्याला पूर्ण कळतं, आणि लेखक ते मोठ्या संयमाने हाताळतो. पण शेनच्या मनात शिरायला वाट नाही. घरात बारा-चौदा वर्षांचं मूल असेल आणि दोघांनी मिळून वाचायचं असेल तर मी बेलाशक हेच सुचवेन. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं लहान आहेत.

‘शेन’ आवडली तर तिच्याजवळ ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) ठेवून पाहा. काउबॉय नायकाचा साचा याच कादंबरीने घातला. मुलूख वायोमिंगचाच, भांडणही जवळपास तेच, पण लेखक बड्या गुरंमालकांच्या बाजूचा. तिथे नायक गुरं चोरल्याबद्दल आपल्याच मित्राला झाडावर फाशी देणाऱ्यांत असतो आणि कादंबरी ते योग्य ठरवते. १८९२मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीत गुरंमालकांनी टेक्ससहून भाडोत्री बंदूकधारी आणून छोट्या लोकांवर चाल केली होती. ती घटना ठाऊक असली की दोन्ही पुस्तकं एकाच खटल्यातल्या दोन वकिलांसारखी वाटू लागतात. सुरुवातीला मात्र ‘व्हर्जिनियन’ नको, तिची चाल आज फार संथ वाटते.

आता ‘ट्रू ग्रिट’. माझं मत विचाराल तर पहिली वेस्टर्न हीच.

आर्कान्सामधली चौदा वर्षांची मॅटी रॉस. बाप तट्टं विकत घ्यायला फोर्ट स्मिथ गावी गेला आणि सोबत नेलेल्या टॉम चेनी नावाच्या गड्याने त्याला गोळी घालून ठार केलं. चेनी नदीपलीकडे इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, पळाला. मॅटी बापाचं प्रेत ताब्यात घ्यायला येते आणि खुन्याला पकडून आणायचंच असं ठरवून तिथेच थांबते. त्यासाठी ती रूस्टर कॉगबर्न या एकाक्ष, दारूबाज, बंदूक चालवायला मागेपुढे न पाहणाऱ्या मार्शलला, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने गुन्हेगार पकडणाऱ्या अधिकाऱ्याला, पैसे देऊन कामाला लावते. चेनीच्या मागावर टेक्ससचा एक रेंजर, म्हणजे त्या राज्याचा सशस्त्र पोलीसही आहे, कारण तिकडच्या एका राजकारण्याच्या खुनातही तो हवा आहे. मॅटीला हे मान्य नाही. चेनी फासावर जायचा तर माझ्या बापाच्या खुनासाठी, तुमच्या टेक्ससच्या बक्षिसासाठी नाही, हा तिचा हट्ट. सूड आणि न्याय यांतलं अंतर एवढ्या थोडक्यात दाखवणारा पेच मी क्वचितच वाचला आहे.

पुस्तकाचा प्राण मॅटीच्या आवाजात आहे. ती हे सगळं कित्येक वर्षांनी, म्हातारपणी लिहिते आहे. प्रेस्बिटेरियन चर्चवर आणि बँकेतल्या ठेवींवर सारखीच निष्ठा असलेली, न लग्न केलेली, हिशेबाला पक्की बाई. बापाने घेतलेली तट्टं विकणाऱ्याच्याच गळ्यात परत घालून, वर चोरीला गेलेल्या घोड्याची भरपाई वसूल करतानाचा तिचा सौदा वाचा. व्यापारी हळूहळू घायकुतीला येतो आणि पोरगी आपल्या वकिलाचं नाव पुढे करत एकेक डॉलर काढून घेते. एकही गोळी न सुटता चाललेली ही लढाई मला पुस्तकातल्या सगळ्या चकमकींहून सरस वाटते.

मराठी वाचकाच्या सोयीची आणखी एक गोष्ट या आवाजात आहे. मॅटी जुन्या शाळेत शिकल्यासारखं घोटीव इंग्रजी लिहिते. शब्दांची जोडाजोड, काटछाट फारशी नाही, वाक्य पूर्ण, अर्थ स्वच्छ. मराठी माध्यमात पाठ्यपुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे पुस्तक टेक्ससच्या बोलीतल्या कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी जवळचं वाटेल.

त्यामागचा इतिहासही पक्का आहे. फोर्ट स्मिथचा न्यायाधीश आयझॅक पार्कर खरा माणूस. १८७५ ते १८९६ तो त्या न्यायासनावर होता, त्याने १६० जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि त्यांतल्या ७९ जणांना ती प्रत्यक्ष झाली. डेप्युटी मार्शलांना ठरावीक पगार नसे. फी आणि मैलभाडं यांवर त्यांचं पोट चाले. त्यामुळे रूस्टरला कोर्टात उलटतपासणीसाठी उभा केल्यावर, तुझ्या हातून किती माणसं मेली, या वकिलाच्या प्रश्नातून ही सगळी व्यवस्थाच उघडी पडते. कायदा आहे, पण तो राबवणारा माणूस गुन्हेगाराहून फार वेगळा नाही. कादंबरी हे भाषण करून सांगत नाही, साक्षीतून दाखवते. दोनशे-सव्वादोनशे पानं, आठवडाभरात आरामात होतात.

‘लोनसम डव्ह’चं प्रकरण निराळं. आठशेच्या वर पानं. ऑगस्टस ऊर्फ गस मॅक्रे आणि वुड्रो कॉल हे दोन जुने टेक्सस रेंजर रिओ ग्रांद नदीकाठच्या एका मरगळलेल्या वस्तीत गुरांचा छोटा धंदा चालवतात. गस ओसरीवर बसून दारू पितो आणि बोलतो, कॉल काम करतो आणि बोलत नाही. मग मनात येतं, की गुरांचा मोठा कळप घेऊन थेट उत्तरेला मोंटानाला जायचं, जिथे अजून कुणी गोठा घातलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बरेच वाचक इथेच गळतात. पहिली दोनेकशे पानं कळप हलतच नाही. वस्ती, उकाडा, डुकरं, जुगार, टिंगल, जुनी प्रेमं. ही पानं गाळू नका. पुढे वाटेत माणसं पटापट मरतात, काही वेळा एका वाक्यात, आणि ते मरण झोंबतं ते या निवांत पानांमुळेच. शेनला काही होणार नाही अशी ‘शेन’ वाचताना खात्री असते. इथे पान उलटताना कुणाचीच शाश्वती नसते. नदी, वीज, थंडी, चुकीची संगत, काहीही पुरतं.

गुरं हाकण्याचा तो काळ खरा तर वीसेक वर्षांचाच होता. १८६५ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससमध्ये लाखोंनी लाँगहॉर्न गुरं मोकाट वाढली होती आणि तिथे त्यांना भाव नव्हता. उत्तरेच्या शहरांत त्याच जनावराला कैक पट किंमत मिळे, म्हणून ती शेकडो मैल चालवत रेल्वेपर्यंत न्यायची. १८६७मध्ये कॅन्ससमधलं ॲबिलीन हे या व्यापाराचं ठाणं झालं. १८७४मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळी कुरणं कुंपणांत जाऊ लागली. १८८६-८७च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेच्या माळांवर लाखो गुरं मेली आणि उरलंसुरलं संपलं. हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं मोठ्या संख्येने होती. सिनेमांनी त्यांना जवळजवळ पुसून टाकलं. मॅकमर्ट्रीचा डीट्स हा वाटाड्या बोझ आयकार्ड या खऱ्या माणसावरून सुचलेला आहे. आयकार्ड गुलामीत जन्मला आणि पुढे चार्ल्स गुडनाइट या नामांकित गुरंवाल्याचा सर्वांत विश्वासू साथी झाला.

मॅकमर्ट्रीला काउबॉयचं दैवत करायचं नव्हतं. कॉलचं मौन तो शौर्य म्हणून रंगवत नाही. स्वतःच्या मुलाला मुलगा म्हणायची हिंमत नसलेल्या माणसाची ती भित्री बाजू आहे. तरी वाचकांनी गस आणि कॉलवर जीव टाकला, आणि ही खंत लेखकाने पुढे बोलूनही दाखवली. मला दोन्ही बाजू पटतात. बायकांकडे पाहा म्हणजे त्याचा कठोरपणा दिसतो. लोरेना आणि नेब्रास्कातली क्लारा या दोघींना पुरुषांच्या साहसाचं बिल भरावं लागतं, आणि क्लारा ते स्पष्ट तोंडावर सांगते. या कादंबरीला १९८६चं पुलित्झर मिळालं.

मग निवड कशी करायची? रोज झोपण्यापूर्वी दहा-पंधरा पानं एवढाच वेळ असेल तर ‘लोनसम डव्ह’ आत्ता घेऊ नका, पात्रांची गर्दी डोक्यात राहत नाही. तिला दिवाळीची सुट्टी किंवा लांबचा प्रवास द्या. कुटुंबकथा, मोठा पट, मराठीतल्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्या ज्यांना मनापासून आवडतात, त्यांनी मात्र धीर करून थेट तिच्यापासून सुरू केलं तरी चालेल. बाकी सगळ्यांसाठी आधी ‘ट्रू ग्रिट’, मग ‘लोनसम डव्ह’. ‘शेन’ केव्हाही.

कॉर्मॅक मॅकार्थीची ‘ब्लड मेरिडियन’ (१९८५) पहिली म्हणून घेऊ नका, कुणी कितीही शिफारस केली तरी. मेक्सिकोच्या सीमेवर मारलेल्या माणसांच्या टाळूच्या कातड्यांवर बक्षीस मिळवणाऱ्या टोळीची ती गोष्ट आहे. अवतरणचिन्हं नाहीत, मधेच स्पॅनिश आहे, आणि हिंसा अशी की पुस्तक खाली ठेवावं लागतं. थोर पुस्तक आहे, पण ते ज्या मिथकाची चिरफाड करतं ते आधी ओळखीचं असावं लागतं. त्यापेक्षा जॉन विल्यम्सची ‘बुचर्स क्रॉसिंग’ (१९६०) घ्या. हार्वर्ड सोडून आलेला एक तरुण रानरेड्यांच्या (बायसनच्या) शिकारीला कोलोरॅडोच्या एका खोऱ्यात जातो. कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी १८८०चं दशक संपता संपता हजाराच्या आसपास उरला. तो कसा संपला हे या कादंबरीत कातडी सोलण्याच्या तपशिलासकट कळतं.

वरच्या सगळ्याच पुस्तकांत एक उणीव आहे आणि ती मला सलते. ज्यांची ती जमीन होती त्या मूळनिवासींचा आवाज नाही. ‘शेन’च्या खोऱ्यात शेतकरी आणि गुरंमालक जमिनीवरून भांडतात, त्याआधी तिथे कोण राहत होतं हा प्रश्नच उठत नाही. ‘लोनसम डव्ह’मधला मूळनिवासी रक्ताचा खलनायक ब्लू डक हा निव्वळ क्रौर्याचा पुतळा आहे. म्हणून या यादीत जेम्स वेल्चची ‘फूल्स क्रो’ (१९८६) हवीच. वेल्च स्वतः ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातीच्या वंशाचा. त्याची कादंबरी २३ जानेवारी १८७०च्या मरायस नदीकाठच्या हत्याकांडाकडे सरकत जाते. त्या दिवशी अमेरिकी सैन्याने पिकुनी या ब्लॅकफीटांच्याच एका शाखेच्या छावणीवर हल्ला केला, आणि मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं नि म्हातारी माणसं होती. कादंबरी महिन्यांना, प्राण्यांना, गोऱ्यांना त्या लोकांच्या शब्दांनी हाका मारते. त्याची सवय व्हायला तीस-चाळीस पानं लागतात, तेवढी द्या.

आणि इंग्रजी नकोच, मराठीतच वाचायचं असेल तर? जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही त्यांतली त्रयी. यांत काउबॉय नाहीत, पिस्तुलबाजी नाही. त्याच्याही आधीची, ओहायोची सरहद्द आहे, जिथे ऊन जमिनीवर पडू नये इतकं दाट रान तोडून एक बाई घर, शेत आणि शेवटी गाव उभं राहताना पाहते. मूळ तिसऱ्या भागाला १९५१चं पुलित्झर मिळालं होतं. जीएंची मराठी या मुलखाला अशी बसली आहे की अनुवाद वाचतो आहोत हे विसरायला होतं. ‘रान’पासूनच सुरू करा, मधला भाग आधी वाचू नका.

सिनेमाचं म्हणाल, तर ‘ट्रू ग्रिट’चे दोन आहेत. १९६९च्या चित्रपटासाठी जॉन वेनला ऑस्कर मिळालं, पण मॅटीचा आवाज कोएन बंधूंच्या २०१०च्या चित्रपटात जास्त शाबूत आहे. पुस्तकानंतर पाहायचा तर तो. ‘लोनसम डव्ह’ची १९८९ची मालिकाही उत्तम आहे, फक्त ती आधी पाहू नका. वाटेत कोण मरतं हे ठाऊक असलं, तर त्या पहिल्या दोनशे पानांतली मजा निघून जाते.