सीसी, मुदत कर्ज की ट्रेड्स? आधी पैसा कुठे अडकलाय ते बघा

ऑर्डरी हातात आहेत, मशीन दोन पाळ्यांत चालतंय, तरी सात तारीख आली की पगाराची जुळवाजुळव करावी लागते. अशा वेळी 'सीसी काढू की कर्ज घेऊ?' हा प्रश्न पडतो. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट: ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेतून लागेल तसे पैसे उचलायचे. तिसरा पर्याय ट्रेड्स: ऑनलाइन मंचावर आपलं बिल विकून पैसे आधीच घ्यायचे. निवडण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा.

समजा, भोसरीत सुटे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप आहे. रोजचा खर्च 40 हजार. स्टीलचा बार आल्यापासून तयार माल बाहेर पडेपर्यंत 40 दिवस जातात आणि कंपनी 60 दिवसांनी पैसे देते. म्हणजे 16 लाख मालात, 24 लाख येण्यांत. स्टीलवाला 30 दिवसांची, म्हणजे 12 लाखांची उधारी देतो. उरले 28 लाख. हेच खेळतं भांडवल.

सीसीत माल आणि येणी तारण राहतात. बँक मालातून देणी वजा करते. उरलेल्या 4 लाखांवर आणि 24 लाखांच्या येण्यांवर 25 टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) धरलं, तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, होते 21 लाख. मंजुरीपत्रावर 30 लाखांची मर्यादा असली तरी उचल 21 लाखांचीच. 7 लाख घरचेच घालावे लागतात. बऱ्याच जणांना हे मंजुरीनंतर कळतं, आणि तेव्हा फार धावपळ होते. 90 दिवसांपलीकडची येणी तर बहुतेक बँका धरतच नाहीत. पण सीसीची मोठी सोय म्हणजे व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. मंगळवारी पैसे जमा झाले की त्या दिवसापासून व्याज कमी. बदल्यात दरमहा स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा तक्ता) आणि दरवर्षी नूतनीकरण.

मुदत कर्ज मशीनसाठी घ्यावं, खेळत्या भांडवलासाठी नाही. गिऱ्हाइकाचे पैसे थकले तरी हप्ता थांबत नाही. सीसीतून मशीन घेणं त्याहून वाईट: मशीन पाच वर्षांत पैसे परत देणार, आणि कच्च्या मालाला आजच पैसे उरत नाहीत.

ट्रेड्सवर बिल टाकलं आणि कंपनीने ते मान्य केलं, की बँका त्यावर बोली लावतात. दर कंपनीच्या पतीवर ठरतो, म्हणून तो सहसा स्वस्त पडतो. कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. मात्र कंपनी तिथे नोंदलेली हवी, येणी सीसीत तारण असतील तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि विकलेलं बिल स्टॉक स्टेटमेंटमध्ये पुन्हा दाखवायचं नाही.

स्टीलवाल्याची उधारी फुकट वाटते. पण तो रोखीवर 2 टक्के सूट देत असेल, तर 30 दिवसांच्या उधारीची किंमत वर्षाला 24 टक्क्यांच्या वर जाते. तिथे सीसी उचलून रोख द्यावं.

माझं मत विचाराल तर, पैसा मालात अडकत असेल तर सीसी, एखाद-दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे अडकत असेल तर ट्रेड्स. वरच्या हिशेबात तो कंपनीकडेच जास्त आहे. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी असेल, तर 2006 च्या कायद्याने करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायलाच हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष 2023-24 पासून असं थकलेलं देणं कंपनीला त्या वर्षी करात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा अकाउंट्स विभागही ऐकून घेतो. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. 60 चे 45 दिवस झाले तर 15 दिवसांचे 6 लाख मोकळे होतात, तेही बिनव्याजी.