पेठेतल्या बेकरीचा रम बॉल: घ्यावा, पण सोमवारी

बेकरी पुण्यात सदाशिव पेठेत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे दोन-तीन खोटी काढल्या आहेत आणि त्या शेजारपाजारच्या बऱ्याच बेकऱ्यांना लागू पडतील. काउंटरवर पॅटिस आणि खारीसाठी गर्दी असते. रम बॉल मात्र काचेच्या फ्रीजमध्ये अगदी खालच्या फळीवर, कागदी वाटीत बसलेला. नग 45 रुपये. चार नग एकेक करून काट्यावर ठेवले तर प्रत्येकाचं वजन 62 ते 68 ग्रॅम भरतं, म्हणजे हाताने वळलेला माल आहे.

रम बॉल हा उरलेल्या केकचा पदार्थ आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. डेन्मार्कच्या बेकऱ्यांतही तो असाच उरल्यासुरल्यातून होतो. वाढदिवसाचा केक रचताना स्पंजचा फुगलेला माथा सुरीने सपाट करतात, कडा छाटतात. ही कापणं चुरून त्यात गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट), मिक्स फ्रूट जॅम, कोको आणि रम किंवा रमचा इसेन्स घालतात, गोळे वळून चॉकलेट व्हर्मिसेलीत, म्हणजे चॉकलेटच्या बारीक काड्यांत, घोळवतात. शनिवार-रविवारी केकच्या ऑर्डरी जास्त, म्हणून कापणंही जास्त. ताजे गोळे सोमवारी दुपारनंतर ट्रेमध्ये दिसतात. शुक्रवारी दिसतात ते बहुधा त्याच घाण्यातले. “ताजा आहे का?” असं विचारून उपयोग नाही, उत्तर ठरलेलं. “हा ट्रे कधी भरला, काका?” असं विचारलं की खरं कळतं.

इथल्या सोमवारच्या गोळ्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. सुरीने मधोमध कापला तर दोन्ही अर्ध सरळ उभे राहतात, ढासळत नाहीत आणि सुरीला लगदाही चिकटत नाही. आत काळ्या चुऱ्यात व्हॅनिला स्पंजचे पिवळट ठिपके आणि जॅमची एखादी लालसर रेघ. चुरा दळून पीठ केलेला नाही, दाताखाली रवाळ लागतो. हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी मिक्सर फिरवतात आणि मग गोळा खाताना नुसता चिकट पेढा खाल्ल्यासारखा वाटतो. गोडी जास्तच आहे, पण कोकोचा कडवटपणा तिला आवरतो. एक नग दोघांत पुरतो.

रमचं काय? इथे इसेन्स वापरतात. विचारल्यावर काउंटरवरून सरळ सांगितलं जातं, “लहान मुलं खातात हो, खरी नाही घालत.” प्रामाणिक उत्तर. नाकालाही ते कळतंच: इसेन्सचा वास खोका उघडताक्षणी येतो आणि गिळल्यावर मागे किंचित कडू रेंगाळतो. खऱ्या रमचा वास उशिरा येतो, घशाशी ऊब जाणवते.

आता खोटी. पहिली, चिमटा एकच. त्याच चिमट्याने पॅटिस उचलतात आणि रम बॉलही, त्यामुळे एखाद्या नगाला कांद्याचा वास लागतो. दुसरी खोट जास्त गंभीर: अंड्याच्या आणि एगलेस केकची कापणं एकाच डब्यात पडतात. अंडं न खाणाऱ्यांनी हा गोळा घेऊच नये, फ्रीजवर ‘एगलेस’ची पाटी असली तरी. सुट्या मालावर हिरवी-तपकिरी खूण नसते, तेव्हा विचारणं आपल्यालाच भाग आहे. तिसरी, फ्रीजचं दार दिवसभर उघडझाक होतं, गोळ्यांना घाम सुटतो, व्हर्मिसेलीतली साखर विरघळून पुन्हा वाळते आणि पांढुरके डाग पडतात. ती बुरशी नाही, खाल्ला तर बिघडत नाही, पण तो नग जुना आहे एवढं समजावं. बुरशी केसाळ दिसते आणि कुबट वास मारते. शिवाय क्रीम लागलेली कापणं चुऱ्यात गेली की दोन दिवसांत आंबूस चव येते. इथे आठवड्याच्या शेवटी घेतलेल्या एका नगाला ती होती.

घरी आणल्यावर फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवावा, मे महिन्यात दहा पुरेत. थंडगार खाल्ला तर गनाश मेणासारखा लागतो. बेकऱ्यांतला गनाश सहसा कंपाउंडचा, म्हणजे कोको बटरऐवजी दुसऱ्या वनस्पतिजन्य चरबीचा. कोको बटर साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडात सहज विरघळतं, कंपाउंड टाळूला चिकटून बसतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका, तूप सुटतं आणि जॅम जीभ भाजतो. सोबत कोरा चहा किंवा बिनसाखरेची कॉफी. दुधाच्या चहाबरोबर गोडावर गोड होतं.

खरी रम हवी असेल तर घरी करणं सोपं आहे. 250 ग्रॅम साध्या केकचा चुरा, 50 ग्रॅम डार्क चॉकलेट 30 ग्रॅम गरम क्रीममध्ये वितळवून, दोन मोठे चमचे जॅम, एक मोठा चमचा कोको, 30 मिलि ओल्ड मंक. हाताने मळा, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. ही रात्र चुकवली तर चुरा ओल शोषत नाही आणि वळताना गोळा भेगाळतो. सकाळी 50 ग्रॅमचे आठ होतात. जॅम मोजूनच घाला. जास्त झाला की गोळे तासाभरात बसके होऊन वाटीला चिकटतात, मग चुरा वाढवण्यावाचून इलाज नाही. रम शिजत नसल्याने मद्यार्क उडत नाही, दर गोळ्यात दीडेक मिलि राहतोच. मुलांसाठी रमऐवजी संत्र्याचा रस.

त्याच फ्रीजमधली ट्रफल पेस्ट्री 70 रुपयांना आहे. वर चकाकी, मध्ये नॉन-डेअरी व्हिप क्रीमचे जाड थर, चॉकलेट नावापुरतं. तेवढ्या पैशांत दीड रम बॉल येतो. बेकरी दुपारी बंद असते, संध्याकाळी पाचला उघडते आणि सोमवारचा ट्रे साडेसातपर्यंत निम्मा होतो.