जोन्स रोगाचा एलायझा संच : कळपासाठी उपयुक्त, एकट्या गायीसाठी अपुरा

जोन्स रोग, म्हणजेच पॅराट्यूबरक्युलोसिस, हा गुरांच्या आतड्याचा जिवाणूजन्य, हळूहळू वाढणारा रोग आहे. त्याच्या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (संरक्षक प्रथिने) गुरांच्या रक्तजलात आणि दुधात शोधणारा एलायझा (प्रतिपिंडे मोजणारी प्रयोगशाळा चाचणी) संच आमच्याकडे गेली काही वर्षे वापरात आहे. उत्पादक कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे मांडलेले बहुतेक गुणदोष एखाद्या कंपनीचे नसून या पद्धतीचे आणि त्याहून अधिक या रोगाच्या जिवाणूच्या स्वभावाचे आहेत.

संचाची रचना नेटकी आहे. ९६ कप्प्यांची, प्रतिजन (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो जिवाणूचा अंश) लावून तयार असलेली प्लेट, द्रावणे, धन व ऋण नियंत्रण नमुने (तुलनेसाठी प्रतिपिंडे असलेले व नसलेले ठरलेले नमुने) हे सर्व सुस्पष्ट चिठ्ठ्यांसह येते आणि नमुने हाती आल्यापासून एका कामाच्या दिवसात आकडे मिळतात. या वेगाचे महत्त्व शेणातून जिवाणू वाढवून पाहणाऱ्यालाच कळेल. या रोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्यूबरक्युलोसिस, दुप्पट व्हायला २० तासांहून अधिक वेळ घेतो आणि घन माध्यमावर त्याच्या वसाहती दिसायला साधारण ८ ते १६ आठवडे लागतात. तोवर ती गाय गोठ्यात शेण टाकतच असते.

विशेष आवडलेला टप्पा म्हणजे नमुन्याची पूर्वप्रक्रिया. मातीत व चाऱ्यात आढळणाऱ्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांविरुद्धही (याच गटातील इतर जिवाणूंविरुद्धही) गुरांच्या रक्तात प्रतिपिंडे असतात आणि ती निकाल बिघडवतात, म्हणून नमुना आधी मायकोबॅक्टेरियम फ्लेई या अशाच एका निरुपद्रवी जिवाणूच्या अर्कात मिसळला जातो, जेणेकरून ही उपरी प्रतिपिंडे तिथेच अडकून पडतात. याच फ्लेई जिवाणूचा अर्क माध्यमात घालून ट्वॉर्ट आणि इंग्रॅम या संशोधकांनी जोन्स रोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला होता आणि ती पद्धत १९१२ साली प्रसिद्ध केली होती. त्या अर्कातील आवश्यक घटक, म्हणजे लोह मिळवून देणारे मायकोबॅक्टिन, पुढे वेगळे काढले गेले. एकाच जिवाणूचा दोन वेगळ्या अडचणींवर असा उपयोग व्हावा, हे मला आजही गमतीचे वाटते.

आता मुख्य उणीव. हा संच जिवाणू मोजत नाही, जनावराने जिवाणूला दिलेला प्रतिसाद मोजतो आणि तो प्रतिसाद फार उशिरा येतो. वासरू बहुधा पहिल्या काही महिन्यांतच शेणाने माखलेल्या सडातून, चिकातून किंवा दुधातून बाधित होते. जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिका-पुंजक्यांतून आत शिरून भक्षक पेशींतच तळ ठोकतो आणि सुरुवातीची वर्षे शरीराचा लढा मुख्यतः पेशींच्या पातळीवर चालतो. प्रतिपिंडे ठळकपणे वाढतात ती हा लढा ढासळू लागल्यावर, आणि हगवण, खाणे चांगले असूनही होणारी झीज, जबड्याखालील सूज ही लक्षणे सहसा २ ते ५ वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. त्यामुळे लक्षणे असलेल्या किंवा भरपूर जिवाणू टाकणाऱ्या गायी हा संच बऱ्यापैकी पकडतो, पण नुकत्याच बाधित झालेल्या तरुण जनावरांपैकी बहुतेक त्याच्या हातून सुटतात. माहितीपत्रकातील संवेदनक्षमतेचा (बाधित जनावरांपैकी किती पकडली जातात याचा) आकडा कोणत्या अवस्थेतील जनावरांवर काढला आहे, हे न पाहता तो खरा मानणे धोक्याचे आहे. आमच्या संचाच्या पत्रकात हा तपशील अगदी बारीक अक्षरांत आहे आणि तो पहिल्या पानावर असायला हवा होता. विकत घ्यायच्या कालवडीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून ती निर्धोक, असे प्रमाणपत्र या चाचणीच्या आधारे कोणी मागितले तर मी देत नाही.

उलट बाजूने विशिष्टता, म्हणजे निरोगी जनावरांना निरोगी ठरवण्याची क्षमता, चांगली असली तरी ती पूर्ण नाही. ती ९८ टक्के धरली तर १०० निरोगी गायींमागे दोन विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. जिथे रोग विरळ आहे अशा कळपात तर सापडलेल्यांपैकी बरेच खोटे असू शकतात. क्षयरोगाच्या तपासणीसाठी ट्यूबरक्युलिन (क्षयजिवाणूचा अर्क) टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांत असे खोटे निकाल वाढतात, म्हणून तेव्हा नमुने घेणे टाळावे. जनावर कळपातून काढण्याआधी शेणाची पीसीआर (जिवाणूची जनुके शोधणारी चाचणी) करावी, मात्र केवळ आयएस९०० या, जिवाणूच्या जनुकसंचात वारंवार येणाऱ्या जनुकखंडावर विसंबू नये. त्याच्याशी मिळतेजुळते खंड काही इतर मायकोबॅक्टेरियांतही आढळले आहेत, म्हणून एफ५७ सारखा दुसरा जनुकखंड लक्ष्य म्हणून जोडलेले बरे.

दुधासाठी हाच संच वापरता येतो आणि माझ्या मते त्याची खरी किंमत इथे वसूल होते, कारण सुई न टोचता संपूर्ण दुभता कळप वारंवार तपासता येतो. डेन्मार्कमध्ये २००६ पासूनचा ऐच्छिक नियंत्रण कार्यक्रम दुधाच्या एलायझावरच उभा आहे. विण्यानंतरचे पहिले काही दिवस दुधातील प्रतिपिंडांचे प्रमाण फसवे असते, ते वगळावेत.

एक तक्रार मात्र संचाचीच आहे. सोबतचा गणनतक्ता नमुन्याचे धन नियंत्रणाशी गुणोत्तर काढून लगेच ‘पॉझिटिव्ह’, ‘संशयित’, ‘निगेटिव्ह’ असे शिक्के मारतो आणि मूळ आकडा अहवालातून गाळतो, वास्तविक सीमारेषेच्या जरा वर असलेली आणि तिच्या कितीतरी पट वर असलेली गाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही आकडा हाताने लिहून पाठवतो, म्हणजे कोणती गाय विण्याआधी स्वतंत्र जागी हलवायची आणि कोणत्या गायीचा चीक वासरांना पाजायचा नाही, हे पशुवैद्यकाला क्रमाने ठरवता येते.