डाव्या हातात जॉयस्टिक, उजव्यात माउस: आठ महिन्यांनंतर

"मावशी, तू ही उलट्या हातात का धरलीयेस?"

जॉयस्टिक टेबलावर आली त्या रविवारी भाच्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. जॉयस्टिक उजव्या हातात धरायची असं सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसलंय. पण माझा उजवा हात काही माउस सोडायला तयार नव्हता, आणि डाव्या हाताची करंगळी शिफ्ट-कंट्रोल दाबून दाबून कुरकुरत होती. दिवसभर ऑफिसात कीबोर्ड, रात्री कॉम्प्युटरवर खेळायला बसलं की पुन्हा डब्ल्यू-ए-एस-डी, म्हणजे खेळात चालायच्या चार कळा. ताटाची डावी बाजू कशी, चटणी-कोशिंबिरीची. तसं माझ्या डाव्या हाताला आजवर सटरफटरच वाढलं होतं. म्हटलं, जरा भातही वाढून बघू.

घेतली ती जुनी, एकाने वापरून विकायला काढलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिची तक्रारही येणार आहे. घेताना एकच अट होती, मूठ दोन्ही हातांना चालली पाहिजे. बहुतेक जॉयस्टिकच्या मुठी उजव्या पंजाच्या घडणीच्या असतात. डाव्या हाताने त्या धरणं म्हणजे उजव्या पायाचा बूट डाव्या पायात कोंबणं. माझ्या मुठीवरचे अंगठ्याचे आणि तळव्याचे तुकडे स्क्रू काढून बाजू बदलून लावता येतात. दहा मिनिटांचं काम, फक्त स्क्रू इवलासा आहे, खाली पडला तर फरशीवर गुडघे टेकून शोधावा लागतो. मी दोनदा शोधला.

टेबलावर ठेवल्यावर कळलं की कोपर फार वर येतंय. तासाभरात खांदा भरून आला. शिवाय बूड हलकं, मूठ जोरात ओढली की अख्खी जॉयस्टिक उचलली जायची. शेवटी आईच्या जेवणाच्या पाटांपैकी एक मागून घेतला, त्यावर जॉयस्टिक वेल्क्रोने चिकटवली आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला बुटक्या स्टुलावर पाट सी-क्लॅम्पने आवळला. आता हात मांडीच्या उंचीवर सैल राहतो. या मांडणीने जो फरक पडला, तो महागडी जॉयस्टिक घेऊनही पडला नसता.

पहिले दहा-बारा दिवस नुसता गोंधळ. माउस हलवायचा तर डावा हातही त्याच्या मागे जायचा. हात बसायला साधारण तीन आठवडे लागले. त्यात डेड झोन, म्हणजे मधल्या जागेचा जो भाग खेळाने दुर्लक्षित करायचा तो, मी आधी पंधरा टक्के ठेवला होता आणि मग "ही ऐकतच नाही" म्हणून चिडत होते. तो पाचवर आणला आणि मधली संवेदनशीलता थोडी मऊ केली, तेव्हा कुठे जॉयस्टिक माझ्याशी बोलायला लागली.

खरी मजा मेकवॉरियर ५ मध्ये. यात तुम्ही अवाढव्य यंत्रमानव चालवता. पाय एका दिशेला चालतात, धड कमरेतून दुसरीकडे वळतं. माझा ५० टनी सेंच्युरियन शत्रूभोवती गोल फिरतोय, पाय डावीकडे वळत चाललेत आणि धड मात्र उजवीकडे समोरच्यावर रोखलेलं. कीबोर्डवर हे जमतं, पण पाय वळतात ते झटक्याझटक्याने. ए दाबला की पूर्ण वळण, सोडला की काहीच नाही. जॉयस्टिकवर मी मूठ अंगठ्याएवढी कलंडवते आणि यंत्र तेवढंच, संथ वळत राहतं. वेग मी मुठीवर ठेवलेला नाही, कारण स्प्रिंग मूठ मध्ये आणते आणि हात सैल सोडला की यंत्र थांबतं. वेग बुडाच्या छोट्या सरकत्या पट्टीवर दिलाय, ती ठेवाल तिथे राहते. उजवा हात पूर्णवेळ नेमावर. हा खेळ जॉयस्टिकचे अक्ष, म्हणजे मूठ किंवा पट्टी हलण्याच्या दिशा, हॉटासमॅपिंग्ज.रिमॅप नावाच्या मजकुराच्या फाइलमधून वाचतो, माझी पट्टी तिथे हाताने लिहावी लागली. एक संध्याकाळ गेली, पण तिचं दुःख नाही.

असं का होतं, यावर मी बराच विचार केला. माउस अंतर सांगतो, हात दोन इंच सरकला की नजर तेवढीच सरकते. जॉयस्टिक वेग सांगते, जितकी कलंडवाल तितकं जोरात, आणि धरून ठेवाल तोवर चालूच. नेम धरायला अंतर लागतं, चालायला वेग. कीबोर्ड बिचारा दोन्ही सांगत नाही, तो फक्त हो किंवा नाही म्हणतो आणि चार कळांत मिळून आठ दिशा देतो. म्हणून जिथे शरीर आणि नजर वेगळी चालतात, त्या खेळांत ही जोडी शोभते.

एलिट डेंजरस या अंतराळयानाच्या खेळातही हेच. स्थानकाच्या साडेसात किलोमीटरच्या आत येऊन उतरायची परवानगी मागायची, मग गोल फिरणाऱ्या स्थानकाच्या पत्रपेटीसारख्या फटीतून आत शिरायचं. माउसवर यानाचं नाक, डाव्या हातावर वर-खाली आणि डावं-उजवं ढकलणारे थ्रस्टर. टाइप-९ सारखं बोजड यान त्या फटीत नेताना पूर्वी माझा श्वास अडकायचा. आता बोटभर ढकललं की बोटभर सरकतं. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये स्टिअरिंग डाव्या हाताने, आरशात बघणं माउसने. घाटात छान वाटतं, महामार्गावर कंटाळा येतो, पण तो जॉयस्टिकचा दोष नाही.

आता दुसरी बाजू. काउंटर-स्ट्राइकसारख्या धावपळीच्या खेळात ही जोडी घेऊन जाऊ नका. तिथे बाजूला पळताना थांबायचं तर उलट दिशेची कळ क्षणभर टिचकवतात. मेकॅनिकल कळ साधारण दोन मिलिमीटरवर लागते. जॉयस्टिकची मूठ एका टोकापासून मध्यावरून दुसऱ्या टोकाला न्यायची म्हणजे काही सेंटिमीटरचा प्रवास, तोवर मी गारद. दोन आठवडे हट्टाने खेळले. भाचा मागे उभा राहून मोजत होता, त्याचे आकडे इथे देत नाही.

काही खेळ माउस आणि जॉयस्टिक एकत्र सहनच करत नाहीत. डावा हात हलला की पडद्यावर गेमपॅडची चिन्हं, उजवा हलला की कीबोर्डची, आणि त्या अदलाबदलीत नजर गचके खाते. उपाय म्हणून जॉय-टू-की नावाचं सॉफ्टवेअर लावलं, ते जॉयस्टिकच्या हालचाली कळांत बदलून देतं. खेळ गप्प झाला, पण परत त्याच आठ दिशा. करायला गेले गणपती, झाला मारुती.

तक्रार अशी, की पाचव्या महिन्यात मुठीचा पीळ बिघडला. मूठ गोल पिळली की तिसरा अक्ष फिरतो. मी हात न लावता यान आपोआप वळू लागलं. विंडोजमध्ये जॉयस्टिक तपासायची खिडकी उघडली (रनमध्ये जॉय.सीपीएल लिहायचं). पुढे-मागे आणि डावं-उजवं दाखवणारं अधिकचं चिन्ह चौकटीच्या मध्ये दगडासारखं स्थिर, पिळाची पट्टी मात्र थरथरतेय. कारण सरळ आहे. माझ्या जॉयस्टिकमध्ये मुख्य दोन अक्षांना चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत, त्यांत काही घासतच नाही. पिळाला मात्र साधा पोटेन्शिओमीटर, त्याचा पट्टा घासतो आणि धूळ खातो. सर्व्हिस सेंटरने "दुसऱ्याच्या नावावरची आहे" म्हणून हात वर केले. मूठ उघडून काँटॅक्ट क्लीनर मारला, महिनाभर बरी चालली, पावसाळ्यात पुन्हा थरथर. आता पीळ बंदच करून टाकलाय. घेणार असाल तर पिळाचा सेन्सर कोणता ते आधी विचारा, विकणारे फक्त हॉल, हॉल करत राहतात.

करंगळीचं म्हणाल तर दुखणं गेलं. त्याऐवजी अंगठ्याच्या मुळाशी कधीकधी ठसठस होते, मूठ घट्ट आवळली की. तिला दोन बोटांनी धरायचं असतं, हे अजून रागात विसरायला होतं. नकाशा, सेव्ह, चॅट यांसाठी डावा हात कीबोर्डवर न्यावाच लागतो, ते टाळायला अंगठ्याजवळ जादा बटणं असलेला माउस वेगळा घेतला. तो खर्च हिशोबात धरा.

भाचा डावखुरा आहे, पण शाळेच्या लॅबमध्ये शिकल्यामुळे माउस उजव्यानेच धरतो. माझ्या खुर्चीत बसला आणि पहिल्याच दिवशी मला तीन आठवडे लागलेलं सगळं करून दाखवलं. परीक्षा संपल्यापासून रोज संध्याकाळी येतो. माझी पाळी जेवणानंतर, आणि तीही आईने श्रावणातल्या सवाष्णीसाठी पाट परत मागेपर्यंत.