नमकीनच्या पाकिटांची पिशवी: कापड झकास, शिलाई नापास

मी इंदूरला रामबागेत घरीच ब्लाउज, फॉल-पिको आणि आल्टरेशनची कामं करते, त्याला सत्तावीस वर्षं झाली. कुणाचीही पिशवी हातात आली की आधी उलटी करून आतली शिलाई बघायची, ही खोड. नेमकी ही विकत घेताना बघितली नाही.

दिवाळीआधीच्या प्रदर्शनात बचत गटांच्या रांगेत तो स्टॉल होता. नाव देत नाही. मुली मेहनती आहेत आणि चूक सुधारता येण्याजोगी आहे. चिप्स, शेव, बिस्किटं, साबणाची पावडर, सगळ्यांची रिकामी पाकिटं धुऊन वाळवायची, कात्रीने लांब पट्ट्या कापायच्या, चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. पुण्यात रीचरखा आणि इकोकारी या संस्था हे काम करतात, ते मला माहीत होतं. माझी पिशवी त्या दोघांचीही नाही. किंमत साडेसहाशे. आमचे हे म्हणाले, "एवढ्यात तू दहा शिवशील." शिवेन हो, पण हे कापड कुठून आणू?

कापड खरंच बघत बसावं असं आहे. लांबून जाड सतरंजीसारखं दिसतं. जवळ घेतलं की लाल पट्टीवर मधेच 'मकी' एवढीच दोन अक्षरं, 'नमकीन'मधली. पुढची पट्टी उलटी पडलेली, तिची चंदेरी आतली बाजू वर आलेली. खालच्या कोपऱ्यात कुठल्याशा बिस्किटाचा निळा. भाची आली की पिशवी मांडीवर घेऊन पाकिटं ओळखत बसते. सुरुवातीला हलली की चुरचुर वाजायची, मंदिरात नेली तर चार माना वळायच्या. महिनाभर वापरल्यावर आवाज मऊ झाला.

आमचे बाबा हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामात, होते, 1991मध्ये मिल बंद पडेपर्यंत. आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, पण कापड दिलं की बोटं लगेच कामाला लागतात. त्यांनी पिशवी खिडकीशी धरली, आडवी-तिरकी ओढून बघितली आणि काठाचा एक धागा उपसून मागितला. काडी लावली. सुती धागा जळला की कागदासारखा वास येतो, हातात राख राहते. हा आकसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. "ताणा, म्हणजे उभे धागे, पॉलिएस्टरचा आहे," बाबा म्हणाले, "आडवा बाणा तुमच्या पाकिटांचा. विणलंय मात्र घट्ट, फणी नीट मारलीय." बाबांकडून एवढी शाबासकी मला माझ्या पहिल्या ब्लाउजलाही मिळाली नव्हती.

म्हणजे स्टॉलवरची मुलगी म्हणाली तसं हे 'पूर्ण रिसायकल' नव्हे, ताणा वेगळा येतो. माझी त्याला हरकत नाही, पण चिठ्ठीवर तसं लिहावं. या पाकिटांत प्लॅस्टिकच्या थरांना ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. थर सुटे करता येत नाहीत, म्हणून बाटल्यांसारखं वितळवून पुन्हा वापरणं जमत नाही आणि भंगारवालाही हात लावत नाही. न वितळवता विणायचं, ही युक्ती म्हणूनच मला पटते. आमच्या गल्लीत गाडी येते तेव्हा ओला, सुका, प्लॅस्टिक असे सहा वेगळे कप्पे असतात. इंदूरकराला कचरा वेगळा करणं शिकवावं लागत नाही. पुढे त्याचं काय होतं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही.

प्लॅस्टिकची आहे म्हणजे पावसात चालेल, असं समजू नका. विणलेली आहे, पट्ट्यांच्या मधून पाणी झिरपतं. माझा बँकेचा पासबुक भिजला. आणि इस्त्री तर चुकूनही नको.

आता मुख्य तक्रार. तिसऱ्या आठवड्यात सियागंजातून तूरडाळ, गूळ आणि एकादशीचा दोन किलो साबुदाणा घेऊन निघाले. ई-रिक्षात पाय ठेवला आणि एका बाजूचा पट्टा मुळापासून निघाला. साबुदाण्याचं पाकीट फुटलं. इंदूरच्या रस्त्यावर साबुदाणा सांडणं म्हणजे काय लाज, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. मी आणि रिक्षावाला दोघं वाकून वेचत होतो, वरून तो म्हणतो, "भाभीजी, थैली तो बढ़िया है, सिलाई में मार खा गई."

घरी आल्यावर पिशवी उलटी केली. टाके अगदी बारीक, वर पट्ट्याच्या मुळाशी तीन वेळा तिथेच मागे-पुढे मारलेले. कापडात सुई धागे बाजूला सारून जाते. प्लॅस्टिकला ती भोक पाडते आणि ते भोक बुजत नाही. टाके जितके जवळ, तितकी टपालाच्या तिकिटासारखी कड तयार होते, मग वजन पडलं की त्याच रेषेवर फाटतं. जाड चामड्याला लांब टाके का घालतात, ते कुठल्याही चांभाराला विचारा. आतल्या कडाही मोकळ्याच सोडलेल्या, त्यामुळे गुळगुळीत पट्ट्या ताण्यातून सरकून बाहेर यायला लागलेल्या.

स्टॉलच्या नंबरवर फोन केला. "काकू, पुढच्या प्रदर्शनात बदलून देऊ." पुढचं प्रदर्शन कधी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी मीच केलं: आतून कॅनव्हासचे दोन तुकडे, सोळा नंबरची सुई, नायलॉनचा दोरा, लांब टाका, पट्ट्यावर चौकोन आणि त्यात फुली. कडांना जुन्या जीन्सची पट्टी. अर्धा तास गेला. त्यानंतर तीन महिने झाले, सहा-सात किलो आरामात उचलते.

साडीच्या दुकानात मिळणाऱ्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशवीपेक्षा ही शंभर पटीने बरी. ती मुळात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचीच, 60 जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा) पातळ असेल तर नियमातही बसत नाही आणि चार वेळा धुतली की भुसा होते.

चौकोनी मोठी पिशवी घ्या, पण आधी उलटी करून पट्ट्याचं मूळ बघा. खांद्यावरची छोटी घेऊ नका, तिची चेन मी तिथेच दोनदा अडकलेली बघितली. स्टॉलवर मी कापड मीटरने मागितलं होतं. "तसं विकत नाही," म्हणाली. विकायला लागलात तर दोन मीटर माझ्या नावाने बाजूला ठेवा, लालवालं.