वाईन आणि चॉकलेट: दिवाळी ते मे, लातूरमधला अनुभव

चॉकलेटबरोबर कोणती वाईन घ्यावी, याचं माझं उत्तर आता पक्कं आहे: गोड. रेड वाईन आणि डार्क चॉकलेट ही जोडी फेब्रुवारीतल्या प्रत्येक जाहिरातीत दिसते. दिवाळीपासून मेपर्यंत घरी पुन्हा पुन्हा चाखल्यावर मला सगळ्यात कमी आवडली ती हीच.

ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या रेडमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जीभ कोरडी पडते. कोकोतही कडू-तुरट घटक भरपूर, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की तुरटपणा वाढतच जातो. शिवाय चॉकलेटमधली साखर वाईनमधला फळाचा स्वाद झाकून टाकते. जिलेबी खाऊन चहा प्यायला की तो अगोड लागतो ना, तसंच. नाशिकची शिराझ ही ड्राय रेड मला मटणाच्या रश्श्याबरोबर फार आवडते. तीच शिराझ ७५ टक्के कोकोच्या तुकड्यानंतर नुसती आंबट आणि कडवट लागते. मेव्हण्यानं पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवला. "दाजी, हे लई तुरट लागायलंय!" त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

खरी मजा आली ती नाशिकच्या सुला कंपनीच्या लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ या गोड व्हाइट वाईनमध्ये. यासाठी द्राक्षं नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवर राहू देतात. त्यांतलं पाणी कमी होतं, साखर घट्ट होते आणि वाईनमध्ये मधाची, जर्दाळूची चव उतरते. चांगली गार करून तिचा घोट घ्यायचा आणि अमूलच्या ५५ टक्के डार्कचा छोटा तुकडा जिभेवर विरघळू द्यायचा. चॉकलेटचा कडूपणा वाईनच्या गोडीला आवरतो आणि वाईनचा आंबटपणा कोकोचं तूपकट अस्तर धुऊन काढतो. पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखाच ताजा लागतो. वाईन चॉकलेटइतकी तरी गोड हवी, जास्त असेल तर उत्तमच. हे एवढं सांभाळलं की जोडी सहसा बिघडत नाही. व्हाइट चॉकलेट मात्र घेऊ नका, गोडावर गोड होऊन दोन्हींची चव हरवते.

युरोपातही चॉकलेटसाठी नावाजलेल्या वाईन गोडच आहेत. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये आणि फ्रान्सच्या बान्यूल्समध्ये रस आंबत असतानाच मद्यार्क घालतात. त्यानं यीस्टचं काम थांबतं आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. आपल्याकडे पोर्ट नावानं मिळणारी स्वस्त गोड लाल वाईन तेवढी खोल नसते, तरी खारे बदाम घातलेल्या डार्क चॉकलेटबरोबर ती ड्राय रेडपेक्षा कितीतरी छान जमते.

चॉकलेट संपलं होतं तेव्हा लेट हार्वेस्टबरोबर कुंथलगिरीचा पेढा घेऊन पाहिला. खव्याचा भाजका स्वाद आणि वाईनमधला मध इतका जुळला, की पाहुण्यांपुढे मी आता पेढाच आधी ठेवतो. ही जोडी आपल्या भागातल्या प्रत्येकानं एकदा तरी चाखावी असं मला मनापासून वाटतं.

आता उन्हाळ्याचं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. मार्चअखेरीस कुरिअरनं मागवलेलं चॉकलेट वाटेत वितळून पुन्हा गोठलं होतं आणि त्यावर पांढरट थर आला होता. तो थर अपायकारक नसतो, पण चॉकलेट तोंडात भुसभुशीत लागतं आणि मग वाईनबरोबर काहीच उठत नाही. चॉकलेट घट्ट झाकणाच्या डब्यात घालूनच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर ते लसणाचा वास ओढतं. खायच्या थोडं आधी डबा बाहेर काढा आणि गारवा उतरल्यावरच उघडा. लगेच उघडला तर चॉकलेटवर पाणी धरतं. रेडच्या बाटलीवर 'रूम टेम्परेचरला प्या' असं वाचून ती मे महिन्यात टेबलावर ठेवू नका. रेडला १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे इथं तिलाही फ्रीज लागतोच.

लेट हार्वेस्टची ३७५ मिलीची छोटी बाटली चौघांना पुरते, कारण ती थोडीथोडीच प्यायची असते. उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये आठवडाभर चांगली राहते. ड्राय रेड दोन-तीन दिवसांत संपवावी, आणि तिच्याबरोबर चॉकलेटऐवजी खारे शेंगदाणे घ्यावेत. मिठानं तिचा कडवटपणा खरंच उतरतो.