हलकं फ्लायव्हील आणि अॅल्युमिनियमची क्रँक पुली: आठ महिने, साडेनऊ हजार किलोमीटर

गाडी २०१२ ची, १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिचा यात काहीच दोष नाही. पार्ट विकणाऱ्याचंही नाव लिहीत नाही. असे पार्ट विकणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या बाबतीत जे झालं ते कोणाच्याही मालाबरोबर होऊ शकतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ८६,४०० किलोमीटरवर क्लच बदलायची वेळ आली. गिअरबॉक्स उतरणारच होता, तेव्हा फ्लायव्हीलही (क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, त्याच्या मागच्या टोकावरची जड चकती) बदलून घेऊ असं मनात आलं. ऑनलाइन मागवलं: हलकं फ्लायव्हील १४,५०० रुपये, आणि क्रँकच्या पुढच्या टोकावर बसणारी, पट्ट्याने अल्टरनेटर वगैरे फिरवणारी अॅल्युमिनियमची क्रँक पुली ४,२०० रुपये. बसवायची मजुरी ४,५०० वेगळी. जुने आणि नवे दोन्ही पार्ट काकांच्या काट्यावर तोलले. फ्लायव्हील ६.४ किलोचं ३.९ झालं, पुली २.१ किलोची जेमतेम ६०० ग्रॅमची. काका इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून निवृत्त झाले. जुनी पुली त्यांनी हातात फिरवून पाहिली, मधल्या रबराच्या कड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “अरे, हे रबर नव्या पुलीत कुठंय?” मी म्हटलं, ही एकाच तुकड्यातून कापलेली आहे, म्हणून तर हलकी आहे. ते गप्प बसले. त्या एका प्रश्नाचं उत्तर तेव्हाच शोधलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

पहिला महिना मात्र खरोखर आनंदाचा गेला, आणि तो मी लपवणार नाही. अॅक्सिलरेटरला पाय लागताच आरपीएमचा काटा वर धावायचा, पाय काढला की तितक्याच लवकर खाली यायचा. गिअर खाली टाकताना इंजिनचा वेग जुळवणं सोपं झालं. इंदूरच्या राजेंद्र नगरहून सकाळी रिकाम्या रस्त्याला लागलं की पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी वेगळीच वाटायची. दोन-तीन मित्रांना मी हे पार्ट घ्या म्हणून सांगितलंही. त्यातल्या एकाने पुली मागवली होती, पुढे ती मीच त्याला परत करायला लावली.

हा फायदा नेमका किती, याचा हिशोब मी नंतर एका रविवारी कागदावर मांडला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण चौदा पट वेगाने फिरतं, पाचव्यात तीन पट. फिरत्या वजनाचा परिणाम या पटीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पहिल्यात १९६, पाचव्यात फक्त ९. माझ्या फ्लायव्हीलमधून कमी झालेले अडीच किलो पहिल्या गिअरमध्ये गाडीतून साठेक किलो वजन उतरवल्यासारखे वागतात, दुसऱ्यात अठरा-वीस किलो, तिसऱ्यात आठ, आणि पाचव्यात तीन किलोसुद्धा नाही. तेही फक्त वेग वाढताना. एका वेगाने चालत्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही, आणि इंजिनची ताकद तर एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. मायलेज शहरात आधी १४.८ होतं, नंतर १४.६. हायवेला फरक शून्य.

त्रासाची सुरुवात जवाहर मार्गावर झाली. संध्याकाळची गर्दी, पुढे रिक्षा, मागे रिक्षा, आणि गाडी इंचाइंचाने पुढे न्यायची. आधी क्लच हलकेच सोडला की गाडी आपोआप सरकायची, आता अॅक्सिलरेटर दिल्याशिवाय हलेना, आणि जरा कमी पडला की बंद. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. ७५० आरपीएमवर सेकंदाला पंचवीस. दोन स्फोटांमधल्या त्या क्षणात इंजिन फिरतं ठेवायचं काम फ्लायव्हीलच्या वजनाचं. ते वजन कमी झालं की प्रत्येक धक्का स्टिअरिंगपर्यंत येतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला की आरपीएम खाली जायचा, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वर ओढायचा, पुन्हा खाली. सिग्नलला उभं असताना मागे बसलेली आई म्हणायची, “गाडीला थंडी वाजतेय का रे?”

फेब्रुवारीत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी ०३००, म्हणजे मिसफायर (सिलिंडरमधला स्फोट हुकणं), पण कोणत्या सिलिंडरमध्ये ते नाही. गॅरेजवाल्याने रिवाजाप्रमाणे आधी चारही प्लग बदलले, मग दोन कॉइल. ६,३०० रुपये गेले आणि आठव्या दिवशी दिवा परत लागला. इंजिनमध्ये मिसफायर नव्हताच. ईसीयू मिसफायर ओळखतो तो क्रँक सेन्सरवरून. क्रँकचा वेग क्षणभर एकदम कमी झाला की तो समजतो, एखादा स्फोट हुकला. त्याच्या स्मरणातला अंदाज मूळ फ्लायव्हीलच्या वजनावर बांधलेला आहे. हलक्या फ्लायव्हीलवर वेगाची साधी चढउतारसुद्धा त्याला चूक वाटते. यात नुसता दिव्याचा त्रास असता तर मी मनावर घेतलं नसतं. पण दिवा नेहमीच लागलेला असला की खरा बिघाड झाला तरी कळत नाही, आणि मी तर त्या दिव्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

मग नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) आला. इंदूरचा मे महिना ज्यांनी गाडीत काढलाय त्यांना दुपारी दोन वाजता एसीशिवाय उभं राहणं काय असतं हे सांगायला नको. नवी पुली मूळ पुलीपेक्षा व्यासाने लहान, त्यामुळे अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही हळू फिरतात. विकणारे यालाच ‘इंजिनवरचा भार कमी’ म्हणतात. ज्या देशात गाडी मोकळ्या रस्त्यावर तीन हजार आरपीएमवर पळते तिथे चालत असेल. इथे गाडी अर्धा वेळ आयडलवर, म्हणजे इंजिन चालू ठेवून, उभी. एसी, पंखा, हेडलाइट सगळं चालू, आणि अल्टरनेटर पुरवठा करतोय कमी. बॅटरी हळूहळू खाली येत गेली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सरवटे बस स्टँडसमोर गाडी चालू व्हायला नकार देऊन बसली. नवी बॅटरी ५,२००. पंखा सारखा फिरायचा आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपेक्षा वर राहायचा, तेही तेव्हापासूनच.

इथपर्यंतचं सगळं मी गैरसोय म्हणून सोडून दिलं असतं. जुलैमध्ये जे झालं ते गैरसोय नव्हतं.

सासुरवाडी खंडव्याची, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून त्या रस्त्याने जाणं होतंच. परत येत होतो, गाडीत बायको आणि आई. पाऊस लागलेला. बडवाह सोडलं, बलवाडा मागे पडलं, चोरलच्या पुढे घाट चढायला लागलो. रस्त्याच्या कामामुळे घाटात जाम. गाडी आयडलवर उभी असताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा एकदा लुकलुकला. अॅक्सिलरेटर दिला तर विझला. पाय काढला, पुन्हा लागला. बायको म्हणाली, “अहो, तो लाल दिवा कसला?” मी तिथेच इंजिन बंद केलं. आठ महिन्यांत मी घेतलेला हा एकमेव बरोबर निर्णय. पिवळ्या दिव्यावर गॅरेजपर्यंत जाता येतं, ऑइलच्या लाल दिव्यावर शंभर मीटरसुद्धा जाऊ नये. अंधार पडत होता, वळणावर उभे होतो, वरून ट्रक उतरत होते. आईचे गुडघे दुखतात, तिला पावसात उतरवून कठड्याच्या आत उभं करावं लागलं. टो गाडी यायला दोन तास वीस मिनिटं लागली. त्या दोन तासांत मी तिच्याकडे नीट बघू शकलो नाही.

गाडी यावेळी मी नेहमीच्या गॅरेजला न देता काकांच्या ओळखीच्या, सांवेर रोडच्या एका जुन्या उस्तादांकडे दिली. त्यांनी पुढचं कव्हर उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. माझ्या इंजिनात ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो, त्याचा आतला रोटर क्रँकबरोबर फिरतो. तो रोटर तडकला होता आणि त्याचा एक टवका उडाला होता. पुली जिथे बसते तिथे क्रँकवर गंजासारखी लाल पूड आणि खरवडल्याचे चट्टे. उस्ताद त्यावर बोट फिरवून म्हणाले, “भिया, ये पुली यहाँ नाचती रही है। वजन कंपनी ने यूँ ही नी रखा था।” बेअरिंगच्या शेलचा (क्रँक ज्यात फिरतो त्या पातळ पट्टीचा) वरचा थर दोन ठिकाणी झिजून तांबं दिसायला लागलं होतं. अजून दहा मिनिटं चालवली असती तर क्रँक गेला असता.

पुलीतल्या त्या रबराचं काम मला तेव्हा समजलं. क्रँक पोलादाचा असला तरी प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने किंचित पिळवटतो आणि परत सरळ होतो. हा पीळ डोळ्याला दिसत नाही, हाताला जाणवत नाही. पण एखाद्या ठरावीक आरपीएमला धक्क्यांची लय आणि क्रँकची स्वतःची लय जुळली की पीळ वाढत जातो, झोक्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखा. मागच्या टोकाला फ्लायव्हीलचं वजन धरून ठेवतं, पुढचं टोक मोकळं, म्हणून सगळ्यात जास्त हेलकावे पुढच्या टोकाला. तिथे कारखान्याने रबरावर बसवलेलं लोखंडी कडं ठेवलेलं असतं. क्रँक एकीकडे पिळला की कडं मागे राहतं, मधलं रबर ताणलं जाऊन ती ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. मी ते काढून अॅल्युमिनियमचा ठोकळा लावला, आणि दुसऱ्या टोकाचं वजनही कमी केलं. मग तो हेलकावा सोसायला शेजारी उरला तो ऑइल पंपाचा रोटर. इंजिनातल्या प्रत्येक बेअरिंगला तेल देणारा पार्ट.

सगळ्याच गाड्यांच्या पुलीत रबर नसतं. काही छोट्या इंजिनांवर साधी पत्र्याची किंवा ओतीव पुली असते, तिथे हा धोका तेवढा नाही. तुमच्या पुलीत मध्यभाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये काळी रबराची रेघ दिसत असेल तर तिला हात लावू नका. किती का हलकी मिळेना, आणि विकणारा काही का सांगेना.

फ्लायव्हीलबद्दल माझं मत इतकं टोकाचं नाही, पण जे लावलं होतं त्याचा प्रकार सांगतो. काढल्यावर काकांनी ते बॅलन्सिंग मशीनवर चढवलं. खोक्यावर ‘बॅलन्स्ड’ छापलेलं होतं. मशीनने दहा ग्रॅमच्या आसपास फरक दाखवला. दहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. केंद्रापासून दहा सेंटीमीटरवर दहा ग्रॅम जास्त असले तर ६,००० आरपीएमला ते सुमारे चाळीस किलोच्या जोराने क्रँकला बाहेर ओढतात, आणि ओढायची दिशा सेकंदाला शंभर फेरे बदलते. क्लचच्या बाजूला निळे डाग पडले होते, कारण घाटात क्लच घसरताना होणारी उष्णता शोषायला धातूच कमी उरला होता. पहिल्या गिअरला गाडी थरथरत सुटायची ती यानेच. स्टार्टरचं दातेरी कडं मात्र घट्ट होतं, तेवढं चांगलं निघालं.

याहून वाईट प्रकार म्हणजे मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर लावून पातळ करून देणं. हे काम आपल्याकडे थोड्या पैशांत होतं आणि लोक करून घेतात. माझ्या इंजिनच्या ६,५०० आरपीएमला फ्लायव्हीलची कड ताशी सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. पातळ केलेल्या बिडाला तडा गेला तर तुकडे बेलहाउसिंग (फ्लायव्हीलवरचं कव्हर) फोडून बाहेर येऊ शकतात, आणि त्याच्या मागेच पुढे बसलेल्यांचे पाय असतात. शर्यतीत फ्लायव्हीलसाठी एसएफआय या अमेरिकन संस्थेच्या १.१ मानकासारखं सुरक्षेचं प्रमाणपत्र मागतात ते यासाठीच. रोजच्या गाडीत कोणी विचारतही नाही.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. इंदूरकर पीथमपूरकडे जाताना तो अभिमानाने दाखवतात, मीही दाखवतो. गाडी बाजारात यायच्या आधी कंपन्या असे ट्रॅक आणि टेस्ट बेड झिजवतात. माझ्या पुलीची चाचणी माझ्या घरच्यांना बसवून घाटात झाली.

हिशोब असा: पार्ट आणि मजुरी २३,२००, प्लग-कॉइल ६,३००, बॅटरी ५,२००, आणि शेवटी ऑइल पंप, शेल, क्रँक पॉलिश, गॅस्केट, टो मिळून ४६,८००. एकूण ८१,५००.

आता मूळ फ्लायव्हील आणि नवी कंपनीची पुली लावून अडीच हजार किलोमीटर झाले. उस्तादांनी ऑइल प्रेशरचं गेज लावून गरम इंजिनवर दोनदा मोजलं, आकडा ठीक आहे. चेक इंजिनचा दिवा परत लागला नाही. आई अजून खंडव्याला जाताना समोरच्या दिव्यांकडे बघत बसते. अॅल्युमिनियमची पुली मी भंगारवाल्याला द्यायला काढली होती. काकांनी ती अडवली, व्हाइसमध्ये धरली आणि हॅकसॉने मधून दोन तुकडे केले. म्हणाले, अख्खी दिली तर तो पुसून कुणाला तरी विकेल.